गाडीची श्वासनळी

प्रत्येक पुरुषाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला ठरवावं लागतं: आपण दुसऱ्यांनी मळलेल्या वाटेनं जाणार, की जिथं वाटच नाही तिथं ती काढणार. ललित महाजनला हा विचार आतपर्यंत भिडला. तो त्यानं शोरूमच्या भिंतीवर वाचला होता आणि वाचताना तो एसीखालच्या सोफ्यावर बसून कंपनीच्या खर्चानं कॉफीचा दुसरा कप पीत होता.

विचाराखाली गाडीचा फोटो होता. गाडी एका उंच कड्याच्या टोकावर उभी होती. ती तिथं कशी गेली आणि मुख्य म्हणजे कशाला गेली, हे फोटोत नव्हतं.

ललितचं वय चौतीस. शाहपूरच्या पुढं केळीचा मोठा मळा, सगळा ठिबकवर. दोन बोअर, पक्कं घर, घराच्या पायरीपर्यंत डांबरी रस्ता. नव्हती ती फक्त बायको. त्याची केळी दिल्लीच्या बाजारापर्यंत जायची, पण त्याचं स्थळ तापीचा पूल ओलांडून बऱ्हाणपुरात काही शिरत नव्हतं. मुलींना नोकरीवाला हवा होता. तो इंदूरला एका खोलीत तिघांबरोबर राहून चौथ्याच्या गादीवर झोपत असला तरी चालत होता. मळ्यातला नको होता.

आता, याची कारणं शोधायला कुणी विद्वान लागत नाही. पण ललितनं स्वतः शोधून एक वेगळंच कारण काढलं. तो मुलगी पाहायला केळीच्या पिकअपमधून जायचा. सीटला लागलेला केळीचा चीक त्याच्या कपड्यांना लागायचा आणि हा चीक एकदा बसला की कापड फाटतं, पण डाग जात नाही. ललितला वाटलं, आपण नाकारले जातोय ते गाडीमुळे. गाडी बदलली की संपलं.

म्हणून तो शोरूमला आला होता, आणि तिथं मोहित नावाच्या विक्रेत्यानं त्याला खऱ्या प्रश्नापाशी आणून सोडलं होतं. प्रश्न गाडी घ्यायची की नाही हा नव्हताच. साधी घ्यायची, की कंपनीतूनच बसवून येणाऱ्या ऑफ-रोड पॅकेजची घ्यायची, हा होता.

"प्लेन वाली तो सब लेते हैं, सर," मोहित म्हणाला, आणि 'सब' हा शब्द त्यानं असा उच्चारला, की त्यात राहायची कुणाला इच्छा होऊ नये.

पॅकेजमध्ये गाडी चार बोटं उंच होत होती. टायर जाड, दातेरी. पोटाखाली पोलादी पत्रा. पुढच्या बंपरवर विंच, म्हणजे दोर गुंडाळलेलं एक चाक. गाडी फसली तर दोर झाडाला बांधायचा, मग चाक फिरतं आणि गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढते. डॅशबोर्डच्या पडद्यावर गाडी किती अंशांनी कलली आहे ते दिसत होतं. आणि बॉनेटच्या बाजूनं निघून काचेच्या कडेकडेनं छतापर्यंत गेलेली एक काळी नळी. मोहित तिला स्नॉर्कल म्हणत होता.

"इसका तो लुक ही अलग है, सर," एवढंच तो नळीबद्दल म्हणाला. बाकीचं ललितनं मोबाइलवर पाहिलं. परदेशातले दाढीवाले लोक नदीत गाडी घालत होते, बॉनेट बुडत होतं आणि नळी पाण्यावर राहून इंजिनाला हवा पुरवत होती. घरी पोचेपर्यंत ललितनं तिचं नाव श्वासनळी ठेवलं होतं.

घरी त्याचे वडील होते. सुपडूअप्पा. त्यांनी आयुष्यात कुठल्याच वस्तूला पहिल्या दिवशी हो म्हटलेलं नव्हतं. रंभाबाईंनाही त्यांनी दुसऱ्यांदा पाहून मग होकार दिला होता, आणि हे ते अजूनही पाहुण्यांना सांगत.

"पानी कोठी हाये?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यात नाल्यावर येतं न, अप्पा."

"नाल्यावर पूल झाला."

"पुलावरून जातं."

"एकडाव गेलं व्हतं. तू तवा चड्डीत व्हता."

"आणि विंचपण आहे. फसली तर झाडाला बांधायचं."

सुपडूअप्पांनी ओसरीवरून चहूकडं पाहिलं. चारी दिशांना केळी होती. केळीपलीकडं केळी होती. "केळीले बांधशीन? घड येईन हातात. गाडी नही येनार."

"जमिनीत खुंटा ठोकून पण चालतं."

"म्हंजे आधी फसायचं, मंग खुंटा ठोकायचा. आन मंग हा ट्रॅक्टर काय पूजेले ठेवला?"

महिनाभर हे चाललं. साधी गाडी घ्यायला अप्पांची ना नव्हती. पण ललितला आता साध्या गाडीत स्वतःचं प्रेत दिसत होतं. पॅकेज नंतर बाहेरून बसवता येत नाही, बसवलं तर वॉरंटी जाते, हे त्यानं जेवताना सांगितलं. शेजारगावची कुणाची गाडी कधी अडकली, कुठल्या साली कुठला बांध फुटला, हे सगळं त्यानं गोळा केलं. अप्पांना पटावं म्हणून घरापुढचा रस्ता त्याच्या तोंडून रोज थोडाथोडा खचत गेला. महिनाअखेर त्या रस्त्यावर, ललितच्या सांगण्याप्रमाणे, पावसाळ्यात छातीइतकं पाणी असायचं. तो हे सांगत असताना बाहेर त्याच रस्त्यावरून शाळेची पिवळी बस जात होती.

शेवटी अप्पा स्वतः शोरूमला आले. गाडीभोवती बैल पाहावा तसे फिरले. नळीच्या तोंडाशी हात धरून त्यांनी मोहितला विचारलं, "ह्याच्यातून इंजनात पानी नही जाईन?"

"एक बूँद नहीं जाएगी, काका. लिखके दे दूँ?"

"तरीबी नको. साधीच दे."

ललितचं तोंड उतरलं. मोहितचं उतरलं नाही. असली तोंडं पाहण्याचाच त्याला पगार होता. "जैसा आप बोलो, काका. गोटू भैया ने भी कल प्लेन ही बुक की. बोले, हमको क्या करना है."

अप्पांनी कप बशीत ठेवला. "कोनता गोटू?"

"शाहपूर के आगे वाले. आपके ही रोड पे हैं न?"

गोटूचा मळा त्याच रस्त्यानं कोसभर पुढं होता. त्याचंही लग्न व्हायचं होतं. गोटूचा बाप आणि सुपडूअप्पा यांच्यात पाण्याच्या पाळीवरून जे बोलणं बंद झालं होतं, ते पाळी संपून ठिबक आलं तरी सुरू झालं नव्हतं.

अप्पा गाडीकडं बराच वेळ पाहत राहिले. "नळीवाली दे," ते म्हणाले.

गाडी आली. चार चाकांखाली चार लिंबं चिरडली. रंभाबाईंनी नळीलाही कुंकू लावलं आणि अप्पांनी शाहपूरच्या बाजारात विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की आपल्याकडच्या रस्त्याला हीच लागते, साधी टिकत नाही, साधी घेणारे पस्तावतील. महिनाभर ललितनं जे अप्पांना ऐकवलं होतं, ते अप्पा आता शब्दन् शब्द गावाला ऐकवत होते. अप्पांचं असंच होतं. घेईपर्यंत वस्तूला नावं ठेवायची, घेतली की तिच्या वतीनं भांडायचं.

डिसेंबर लागला होता. एक अडचण मात्र राहिली. गाडी स्वच्छ होती, आणि स्वच्छ ऑफ-रोड गाडी ही कोऱ्या लंगोटाच्या पहिलवानासारखी दिसते. तिला चिखल लागायला हवा होता आणि ठिबकच्या मळ्यात चिखल नावाला नसतो. ललितनं केळी काढून मोकळ्या झालेल्या वावरात बोअरचं पाणी सोडलं. रात्रभर सोडलं. सकाळी त्यानं पडद्यावर चिखलात चालवण्यासाठीचं चित्र निवडलं आणि गाडी आत घातली.

गाडी वावराच्या मधोमध जाऊन बसली. पोलादी पत्र्यापर्यंत बसली, आणि पत्रा खरोखरच मजबूत निघाला. दोर बांधायला झाड नव्हतं. ललितनं खुंटा ठोकला. विंच सुरू केली तसा खुंटा मुळ्यासारखा उपटून गाडीकडं आला.

अप्पांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, गाडी ओढून काढली आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं पार शाहपूरपर्यंत ऐकू गेलं.

पण गाडीला दारांपर्यंत छान चिखल लागला. रंभाबाई बादली घेऊन आल्या तर ललित आडवा झाला. "राहू दे, आई. आता कुठं ती गाडी वाटते."

त्याच आठवड्यात बऱ्हाणपुरातल्या लालबागचं स्थळ आलं. आणलं सुधाकरमामांनी. हे रंभाबाईंचे मावसभाऊ, बऱ्हाणपुरात राहत आणि लग्नं जमवत. मुलगी गायत्री, एकतीस वर्षांची, लालबागच्याच एका शाळेत गणित शिकवायची. वडील प्रभाकर, कचेरीतून निवृत्त. मळ्यातल्या मुलाला एकदम नाही न म्हणणारं, पुलापलीकडचं हे पहिलंच घर होतं.

मुलगी पाहायला चौघं निघाले. आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेल्या मामांना मागच्या सीटवर चढायला अप्पांनी खालून टेकू दिला. पूल ओलांडताना मामा पुढं वाकून म्हणाले, "एक सांगून ठेवतो. घरात शब्द चालतो तो आत्याचा. मालूबाई. प्रभाकररावांची थोरली बहीण. देडतलाईच्या पलीकडं दिलेली होती. बाळंतपणाला आणताना नाल्याला पाणी आलं, बैलगाडी मधेच राहिली. पोर तिथंच गेलं. नंतर झालं नाही, नवऱ्यानं ठेवली नाही. तेव्हापासून इथंच आहे. गायत्रीला तिनंच वाढवलंय. तेवढं जरा जपून बोला."

"हो, हो," ललित म्हणाला. त्याचं लक्ष पडद्याकडं होतं. गाडी किती अंशांनी कलली आहे ते तो पाहत होता. पूल सपाट होता. पडद्यावर शून्य होतं.

लालबागच्या घरात त्यांच्यापुढं गोड दराबा आला, शेव आली आणि एका ताटलीत केळी आली. अप्पांनी एक केळं उलटसुलट करून पाहिलं, देठाला वास घेतला आणि जागेवर ठेवून दिलं. प्रभाकरराव ओशाळले. मालूबाई दाराशी पाटावर बसल्या होत्या. बारीक, काळ्या, पाठ ताठ. त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत.

मग मुलामुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथं पापड वाळत घातले होते.

"मी शाळा सोडणार नाही," गायत्री म्हणाली. "आधीच सांगते."

"सोडायची कशाला? मस्त शिकवा."

"रोज सकाळी पोचावं लागेल. रस्ता कसा आहे तुमच्याकडचा?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं: डांबरी. ललितच्या तोंडाशी तो आलाही. पण गच्चीवरून खाली रस्त्यावर गाडी दिसत होती, काळी, उंच, चिखलानं माखलेली, आणि डांबरी म्हटलं असतं तर ती तिथं उगाच उभी असल्यासारखी दिसली असती.

"रस्त्याचं टेन्शनच घेऊ नका," तो म्हणाला. "रस्ता नसला तरी आपण पोचतो."

गायत्रीला वाटलं, हा विनोद आहे. ती हसली. तिला हसताना पाहून ललितला वाटलं, गाडीनं काम केलं.

"पण आहे न?"

"आता आपल्याला त्यानं फरक पडत नाही."

तिचं लक्ष त्याच्या बाहीकडं गेलं. तिथं केळीच्या चिकाचा तपकिरी डाग होता. "हा कशानं निघतो?"

"निघत नाही," ललित म्हणाला. त्या दिवशी तो खरं बोलला ते एवढंच.

"लिंबू आणि मीठ लावून पाहू एकदा," गायत्री म्हणाली, आणि पापड उलटायला लागली. ललित जिना उतरला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. पॅकेजमध्ये हे धरलेलं नव्हतं.

पाहुण्यांना वाटेला लावायला घरच्या थोरांनी फाटकापर्यंत यायचं, ही आपल्याकडची रीत. ती न पाळता लोक घरातूनच हात हलवायला लागले असते, तर ललितचं आज लग्न झालेलं असतं. पण लालबागचं घर रीतीचं होतं. प्रभाकरराव आले, त्यांच्यामागं मालूबाई आल्या, आणि फाटकाबाहेर गाडीपाशी येऊन थांबल्या.

त्यांनी आधी चिखल पाहिला. वाळलेला, दारापर्यंतचा. बोटानं एक खपली काढली. मग मान वर करून नळी पाहिली.

"हे काय व्हय?"

पहिल्यांदाच त्या बोलल्या होत्या. मामांनी ललितकडं पाहून डोळे मोठे केले. ललितला ते उत्तेजन वाटलं.

"ही श्वासनळी, आत्याबाई. इंजिनाची. पाणी एवढं आलं..." त्यानं हात स्वतःच्या छातीला लावला, "एवढं, तरी गाडी बंद पडत नाही. वरून हवा घेते."

मालूबाई बुटक्या होत्या. ललितच्या छातीवरचा हात त्यांच्या हनुवटीला आला होता. त्या त्या हाताकडं पाहत राहिल्या.

"आन आत बसलेलं मानूस?"

"माणूस आतच राहतो न. त्याला काय होतं."

"आन हा दोर?"

"फसलो तर. झाडाला बांधायचा. गाडी स्वतःला ओढून काढते. माणसं बोलवायची गरजच नाही."

"मानसं येतच नही," मालूबाई म्हणाल्या. मग त्या अप्पांकडं वळल्या. "लागतं का हो भाऊ हे सारं तुमच्याकडं?"

इथं अप्पांना फक्त नाही म्हणायचं होतं. महिनाभर ते तेवढंच म्हणत आले होते. तो शब्द त्यांच्या तोंडात तयार होता. पण आता पैसे भरून झाले होते, शाहपूरच्या बाजारात सांगून झालं होतं, गोटूच्या बापाच्या कानावर गेलं होतं. चारचौघांत, व्याह्याच्या दारात, लागत नाही म्हणायचं म्हणजे सुपडू महाजनाला पोरानं आणि दुकानदारानं मिळून उल्लू बनवलं, असंच म्हणायचं.

"लागतं तं," अप्पा म्हणाले. "उगाच घेतलं का? पावसाळ्यात आमच्याकडचं पानी म्हंजे इचारू नका."

ललितनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. बापानं आयुष्यात पहिल्यांदा त्याची बाजू घेतली होती, तीही परक्या दारात.

नवरा बोलला म्हटल्यावर रंभाबाईंनाही गप्प बसवेना. "मागच्या साली तं म्हैस वाह्यली आमच्या दारावरून," त्या म्हणाल्या. म्हैस वाहिली होती हे खरं. ती रंभाबाईंच्या माहेरी वाहिली होती, त्या तिसरीत असताना.

"आन हा गारा?" मालूबाईंनी चिखलाची खपली पुढं केली. "हिवाळ्यात?"

"हा तर काहीच नाही," ललित म्हणाला.

मालूबाईंनी खपली चुरगाळून टाकली, हात पदराला पुसला आणि नीट जा म्हणाल्या. वर गच्चीवर गायत्री उभी होती. ललितनं जाताना गाडीचे दिवे दोनदा लावून दाखवले.

चार दिवसांनी सुधाकरमामा एसटीनं आले आणि फाट्यावर उतरून चालत मळ्यात पोचले. बुटांना धूळसुद्धा लागली नव्हती. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

"नाही म्हणतात," ते म्हणाले. "पोरगी हो म्हणत होती. आत्या बसली हटून. जिथं गाडीला नाक वर धरून यावं लागतं तिथं मी पोरगी देत नाही, म्हणते."

"अहो पण मामा, रस्ता डांबरी आहे," ललित म्हणाला. "तुम्ही आत्ता आलात न त्यावरून?"

"तेच मी सांगितलं. आई शपथ सांगितलं, मालूबाई, चला, स्वतः पाहा. तर म्हणे, रस्ता खराब असेल तर पोरगी द्यायची नाही. आणि चांगला असेल तर मुलगा, त्याचा बाप, त्याची आई, तिघं उभं राहून माझ्या तोंडावर खोटं बोलले. मग तर द्यायचीच नाही. दोन्हींतलं कोणतं ते तुम्हीच सांगा, म्हणे. आता बोला, काय सांगू?"

रंभाबाई आत निघून गेल्या.

"सांग, खराब हाये," सुपडूअप्पा म्हणाले.

"अप्पा," ललित म्हणाला.

"लबाड म्हनून घ्यायचं का ह्या वयात? गारा बरा त्याच्यापरीस."

मामांनी अप्पांकडं पाहिलं, ललितकडं पाहिलं, आणि चहा घेतला.

संध्याकाळी ललितला गायत्रीचा फोन आला. तो अंगणात गाडीच्या पायरीवर बसला होता. अप्पा ओसरीवर होते.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "खरंच एवढं पाणी येतं का? नसेल येत तर नाही म्हणा. बोलताना भरात बोलून गेलो म्हणा. आत्याला मी समजावते. ती माझं ऐकते."

ललितनं समोर पाहिलं. डांबरी रस्ता संध्याकाळच्या उन्हात नुकत्याच तेल लावलेल्या वेणीसारखा चमकत होता. त्याला एका शब्दात बायको मिळत होती. पण त्याच एका शब्दात उंच टायर जात होते, पोलादी पत्रा जात होता, विंच जात होती, नळी जात होती. आणि आपण हे सगळं कशासाठी घेतलं, या प्रश्नाला मग काहीच उत्तर उरत नव्हतं. चौतीस वर्षांत हा एकच निर्णय त्यानं स्वतः घेतला होता.

"येतं," तो म्हणाला. "पण आपल्याकडं सोय आहे न."

पलीकडं पापड डब्यात रचल्याचा आवाज आला.

"बरं," गायत्री म्हणाली आणि फोन ठेवला.

ओसरीवरून अप्पा म्हणाले, "काय म्हने?"

"काही नाही."

मध्यस्थाचं काम शेतीसारखंच असतं. एक पीक गेलं म्हणून वावर पडीक ठेवून चालत नाही. सुधाकरमामांनी लालबागच्या घराला महिन्याभरात दुसरं स्थळ दाखवलं. हेही मळ्यातलंच होतं. मुलगा साध्या गाडीतून आला. मालूबाई रीतीप्रमाणे फाटकापर्यंत आल्या, गाडीभोवती फिरल्या. नळी नाही, दोर नाही, चाकांना नुसती धूळ. "तुमच्याकडं पानी येतं का?" त्यांनी विचारलं.

"हमारे यहाँ? कशाला येईल, आत्या," गोटू म्हणाला. "पूल आहे."

लग्न फेब्रुवारीत झालं. गोटूचा मळा कोसभर पुढं असल्यामुळं त्याला शहरात जायला ललितच्या दारावरूनच जावं लागतं. रोज सकाळी त्याची साधी गाडी जाते, शेजारच्या सीटवर गायत्री मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेली असते. ललित त्या वेळी बहुतेक अंगणात असतो. कधी टायरच्या दात्यांत अडकलेले खडे काढत असतो, कधी काच पुसत असतो. एकदा तिनं हात केला होता. गोटूच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर डाग दिसत नाहीत. लिंबू आणि मीठ चालतं, असं दिसतंय.

आला तो पावसाळा चांगला झाला. नाल्याला दोनदा पाणी आलं आणि दोन्ही वेळा पुलाखालून गेलं. ललित छत्री घेऊन पुलावर उभा राहून पाहत होता. पाणी वाढेल अशी एकदा आशा वाटली होती.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी रंभाबाई म्हणाल्या, गाडीच्या नळीत काहीतरी गुणगुण करतं. पाहिलं तर कुंभारीण होती, चिखलाचं घर बांधणारी ती लांब कमरेची माशी. तिनं नळीच्या तोंडाशी आत घर केलं होतं. ललित घाबरला. हवा कोंडली तर इंजिन जाईल, तो म्हणाला. अप्पा म्हणाले, थांब. त्यांनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीची एक सरळ काडी घेतली, दातेरी टायरवर पाय देऊन चढले आणि काडी नळीत घातली. ललितनं खालून मोबाइलचा दिवा धरला.

मातीचं घर फुटून खाली पडलं. काडी वीतभर आत गेली आणि थांबली. अप्पांनी जोर लावला. काडी वाकली.

"अजून माती असेल," ललित म्हणाला.

अप्पांनी टोचून पाहिलं. टक टक आवाज आला. त्यांनी दिवा स्वतःच्या हातात घेतला, एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग खाली उतरून काडी ललितच्या हातात दिली आणि बैठकीत जाऊन बसले.

नळीला वीतभर आत प्लास्टिकचा तळ होता. ती इंजिनापर्यंत जातच नव्हती.